दहावं पाऊल

दोन्ही हात छातीपुढं आणायचे, दोन बोटं समोर रोखायची आणि मग दोन पांढरी निशाणं फडकवायची. गोल झाला की काका असं करायचे. चेहरा मात्र मयतीला उभं राहिल्यासारखा.

तुम्ही म्हणाल, हा कुठला खेळ? आखातातल्या या शहरात नोकरीला आलेले ऑस्ट्रेलियन लोक हौसेनं दर शुक्रवारी त्यांचा फुटबॉल खेळतात. चेंडू लांबुळका, जाळी नाही, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण, उंच अन् बाजूच्या बुटक्या खांबामधून गेला तर एकच. मैदान दुसऱ्यांचं, म्हणून खांब दर वेळी रोवायचे अन् काढायचे. ते काम आमचं, मैदानावरच्या मजुरांचं. त्यांच्या क्लबाला माणसं कमी पडायची, म्हणून गोल बघायचा पांढरा कोट त्यांनी काकांनाच चढवला.

काका ढोकीचे, उसाचा ट्रॅक्टर चालवलेला माणूस. मी जळकोटचा, नववीत शाळा सोडलेला. मला सगळ्याचंच भ्या वाटायचं. सुपरवायझरचं, लिफ्टचं, इंग्रजी कागदाचं. काका म्हणायचे, "भ्यायचं तर भी, पण हात चालू ठिव."

खेळाचे चार भाग असतात, दर भागाला बाजू बदलते. त्या शुक्रवारी पाहुणा संघ आला होता. पहिला भाग संपला आणि काका माझ्याकडं आले.

"ह्या टोकाला कुणी रोवलं रं?"

"म्या, काका."

"उंच खांबांत दर खेपेला नऊ पावलं भरत्यात. आज धा. भोक चुकलं तुझं."

मैदानात दुसऱ्या खेळांच्या खांबांचीही भोकं होती. दोन वर्षं तोंड दाखवणार नाही, असं आईला सांगून निघालेलो. चार महिनेही झाले नव्हते.

"गुपचूप सरकवू ना काका. कळलं तर परत धाडतील मला."

"आत्ता? पाव्हण्यांनी रुंद तोंडात गोल मारले. आता बाजू बदलली. आपल्यावाल्यांनाबी तेवढंच मिळाया नको व्हय? ह्यो भाग हुंदे. मग सरकवू. अन् सांगू."

"सांगू?"

"मग? चोर हाय का आपून?"

तो दुसरा भाग मी कसा काढला, माझं मला ठाऊक.

मध्यंतरात काकांनी दोन्ही कप्तानांना बोलावून पावलं मोजून दाखवली. ते दोघं हसले, एकानं तर काकांची पाठ थोपटली. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात सुपरवायझर आला.

"किसने लगाया?"

मी तोंड उघडलं. मग काकांकडं बघितलं.

"ये बाजू मेरी जिम्मेदारी है साब," काका म्हणाले. ते खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं. मग माझ्याकडं वळले, "बघत काय हुबा? खांब धर."

सुपरवायझरनं तिथंच त्यांचा कोट उतरवला अन् त्यांना गाडीत बसवलं. पुढच्या आठवड्यात विमानात.

परवा काकांचा फोन आला. मागं ट्रॅक्टर धडधडत होता. चूक माझी होती, मी बोललो नाही, हे सांगायचं कधीचं घोकून ठेवलं होतं. त्यांनीच आधी विचारलं,

"ती मॅच कोण जिकलं रं? मला बघूच दिली न्हाय त्यानं."

मला माहीत नव्हतं. उरलेला सगळा खेळ मी खांबामागं मान खाली घालून काढला होता.

"आपल्यावाले," मी म्हणालो.

"आरं वा! कितीनं?"