शिट्टी वाजेपर्यंत

लेंपी कोटिला आमच्या कॉलेजच्या रिंकवर दार उघडायची. एवढंच तिचं काम. बर्फावरच्या हॉकीत कोणी दांडगाई केली की पंच त्याला काचेच्या पेटीत पाठवतात, दोन मिनिटं तिथे बसायचं, वेळ भरली की दार उघडतं आणि गडी पुन्हा बर्फावर. दार आपोआप उघडत नाही. कोणीतरी कडी धरून बसावं लागतं. वीसेक वर्षं ती कडी लेंपीच्या हातात होती, आणि गावातली निम्मी माणसं तरी असं समजत होती की ती तिथे हवेसाठी बसते.

मुळात ती टेलिफोनवाली. बाप तांब्याच्या खाणीत, आई बटाट्याच्या शेतात, आणि ही पोरगी शाळा संपल्याबरोबर एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसली. गावात कोणाचं कोणाशी काय चाललंय हे पाद्रीच्या आधी हिला कळायचं. मग एक्स्चेंज यांत्रिक झालं आणि हिला घरी बसवलं. पन्नाशीच्या आतली बाई, पोरंबाळं नाहीत, दिवसभर स्वयंपाकघरात रेडिओशी भांडायची. नवरा उर्हो रिंकवर घड्याळ सांभाळायचा. तो एक दिवस म्हणाला, "तिथे एक दार आहे. पेटीत जो येतो त्याला दोन मिनिटं पळता येत नाही. तुझ्या कामाचं आहे."

आणि खरोखर होतं. पेटीत मुलगा आला की लेंपी सुरू व्हायची.

"मिसेस के, मी काही केलं नव्हतं हो."

"तुरुंगात सगळे निर्दोषच असतात. पाणी पी. दात मोज."

"आहेत सगळे."

"मग आईला फोन कर. तिनं पैसे घातलेत त्यांच्यात."

पार कॅनडातल्या सस्कॅचेवानपासून आलेली, घरापासून लांब पडलेली दांडगी पोरं. काही जण कॉलेज सोडून गेल्यावरही नाताळला कार्ड पाठवायचे, त्यावर लिहायचे की पेटीची आठवण येते. बर्फाची नाही, पेटीची.

जानेवारीच्या शेवटी उर्हो गेला. सौनाच्या वाफेतून आंघोळ करून बाहेर आला, ओट्यावर बसला, म्हणाला जरा थांबतो, आणि थांबला तो थांबलाच. दफन उन्हाळ्यात, कारण आमच्याकडे गोठलेली जमीन तोवर कुदळ घेत नाही. लोकांनी जे करायचं ते केलं. हॅम आणलं, बटाट्याचे भाजलेले थाळे आणले, वेलदोड्याचा गोड पाव आणला. लेंपी सगळ्यांना कॉफी देत होती. रडली नाही. तिला वाटलं होतं, रडू येईल म्हणून. ती वाटही पाहत होती, बस येते का पाहावं तशी. बस आली नाही. जेवणाला चव नव्हती आणि चव नाही याचं वाईटही वाटत नव्हतं. झोप लागायची. उठल्यावर छपरावरचा बर्फ लांब दांड्याच्या फावड्यानं ओढायचा, कारण नाही ओढला तर छप्पर बसतं, आणि छपराला कोण गेलंय याच्याशी देणंघेणं नसतं.

मार्चमध्ये आमच्या कॉलेजगटाची अखेरची स्पर्धा सुरू झाली. पहिली फेरी घरच्या बर्फावर, तीन दिवसांत तीन सामने, ज्याचे दोन तो पुढे मोठ्या शहरात. हरला त्याचं वर्ष संपलं, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांचा बहुतेक खेळच संपला. आमच्यात असे चार होते. त्यांतला गार्थ पेटीत सगळ्यांत जास्त बसलेला. लेंपीचं लाडकं गिऱ्हाईक.

दोन संघांच्या दोन पेट्या आणि मध्ये घड्याळाचं टेबल; क्ले ट्रेझीस त्या टेबलावरच्या सगळ्या माणसांचा मुकादम. तो शुक्रवारी दुपारी घरी आला, टोपी हातात.

"लेंपी, या आठवड्यात आराम कर ना. दाराला दुसरं कोणी बघतो."

"का? दाराला सुतक आहे?"

"तसं नाही गं."

"मग येते मी."

तिला रिंकवर जायचंच होतं असं नाही. पण घरी बसून करायचं काय हे तिला सुचत नव्हतं, आणि दार हे एक काम होतं जे हाताला माहीत होतं. तेही गेलं असतं तर सकाळी छप्पर आणि संध्याकाळी काही नाही.

शुक्रवारी आम्ही जिंकलो. गार्थ एकदा पेटीत आला, बसला, तिच्याकडे पाहिलं. लेंपी बर्फाकडे बघत राहिली. त्यानं आपणहून दात मोजले, म्हणाला, "आहेत सगळे." ती "हं" म्हणाली.

शनिवारी सामना शेवटपर्यंत बरोबरीत. गार्थ आणि पाहुण्या संघाचा डेरोझिए नावाचा एक गडी काचेपाशी एकमेकांची गचांडी धरताना सापडले, पंचांनी दोघांनाही बसवलं, गार्थ लेंपीच्या पेटीत, तो पलीकडच्या. आता इथे एक मेख आहे. एकाच संघाचा गडी बसला तर तो संघ एक माणूस कमी खेळतो आणि वेळ भरताच दार उघडतं. दोन्ही संघांचा एकेक बसला तर त्यांच्या जागी दुसरे खेळतात, बर्फावरची संख्या पुरी असते. मग फलकावर शून्य आलं तरी दार उघडायचं नाही. खेळ थांबून शिट्टी वाजेपर्यंत बसायचं. आमच्याकडे सहा वर्षांच्या पोरालाही हे ठाऊक असतं.

फलकावर शून्य आलं. लेंपीनं सवयीनं डावीकडे टेबलाकडे पाहिलं, आणि कडी उचलली.

गार्थ डोकं खाली घालून बाहेर उडाला. चकती जणू त्याचीच वाट पाहत होती. चार ढांगा, एक फटका, गोल. अख्खं गाव उभं. बँडवाल्या पोरांनी ढोल फोडायचा बाकी ठेवला. लेंपी दार ओढून घेत होती तेव्हा तिला पंच दिसले, दोघे, एकमेकांकडे सरकत चाललेले, आणि एक जण बोटानं आमची माणसं मोजत होता. एक जास्त होता.

गोल रद्द झाला. जादा वेळेत त्यांनी एक घातला. एकास एक. उरला रविवार.

कोणी तिला बोल लावला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण आमचं गाव गोलरक्षकाला त्याच्या आजीसमोर शिव्या देतं. लेंपीला मात्र वाहनतळापर्यंत लोकांनी वाट करून दिली. कोणी पाठीवर हात ठेवला, कोणी म्हणालं, "होतं असं." गार्थ म्हणाला, "मिसेस के, मलाही कळायला हवं होतं." ती "हो" म्हणाली. घरी आली, कोट खुंटीला लावला. आपल्याला शरम वाटायला हवी हे तिला कळत होतं. ते एखाद्या बातमीसारखं कळत होतं.

रविवारी सकाळी उर्होच्या बहिणीचा, सायमाचा, फोन आला. सायमाला धीर देणं कधी जमलं नाही, तिनं प्रयत्नही केला नाही.

"झोपली होतीस का गं तू?"

"नाही."

"मग आंधळी झालीस? दोघं बसले होते दोन बाजूंना. शिट्टी झाली नव्हती. चार पोरांचं वर्ष घालवत होतीस."

"हात वर नव्हता," लेंपी म्हणाली.

"कोणाचा हात?"

 लेंपी फोनची वायर बोटाला गुंडाळत उभी राहिली. घड्याळापाशी बसलेला उर्हो असा प्रसंग आला की डावा तळहात समोरच्या काचेला टेकवायचा. थांब. तेवढंच, न बघता, हातात कॉफी असली तरी. वीस वर्षं ती समजत होती की नियम तिला पाठ आहे. नियम उर्होला पाठ होता. ती हात बघत होती. काल हात नव्हता म्हणून दार उघडलं. घड्याळावर क्लेचा भाचा होता, दाताचा डॉक्टर, चांगला मुलगा, त्याला काय माहीत.

"कोणाचा हात, लेंपी?"

"कोणाचा नाही. तुझा थाळा घेऊन जा, कपाटात जागा नाही."

"थाळा राहू दे. जेवलीस का?"

"जेवले असेन."

दुपारी क्ले आला. छपरावरचा बर्फ ओढणं चालू होतं, त्यानं दुसरं फावडं घेतलं आणि तोही ओढू लागला. मग म्हणाला, "आज आपल्या बाजूच्या दाराला मी दुसऱ्याला बसवतोय."

"बरं."

"तुला पाहुण्यांचं दार देतो. त्यांच्या कोचला विचारलं."

"काय म्हणाला?"

क्लेनं फावडं झटकलं. "म्हणाला, बाईंबद्दल आमची काही तक्रार नाही."

एरवी या टोमण्यावर लेंपीनं त्या कोचच्या सात पिढ्या काढल्या असत्या. ती म्हणाली, "किती वाजता यायचं?"

पाहुण्यांच्या पेटीतून सगळं उलटं दिसतं. टेबल उजव्या हाताला येतं. गावचे लोक, आपली पोरं, सगळी काचेपलीकडे, आणि पेटीत वास दुसऱ्याच साबणाचा. दुसऱ्या मध्यंतरापर्यंत तिथे कोणी आलंच नाही. मग तिसऱ्या, शेवटच्या भागात, दोघांचा एकेक गोल झालेला असताना, गार्थ आणि डेरोझिए पुन्हा भिडले. कालचं काहीतरी उरलं असावं. गार्थ आपल्या पेटीत गेला. डेरोझिए लेंपीच्या. ओठ फुटलेला, विशीतला पोरगा, रागानं पाय आपटत बसला.

शून्य आलं. खेळ चालू होता. डेरोझिए उठून दाराला चिकटला.

"मॅडम, झाली वेळ. उघडा."

लेंपीनं उजवीकडे पाहिलं. दाताचा डॉक्टर जीव मुठीत धरून घड्याळ बघत होता. त्याचे दोन्ही हात टेबलावर होते.

"मॅडम. शून्य आहे."

ती आता उघडून टाकू शकली असती. त्यानं गोल घातला असता तर तोही रद्द झाला असता, आणि गावानं तिला खांद्यावर घेतलं असतं. हे तिच्या मनात आलं आणि निघून गेलं, फार थांबलं नाही. तिनं डावा हात वर केला आणि तळहात काचेला टेकवला. काच थंड होती. उजव्या हातानं कडी धरून ठेवली.

"शिट्टी वाजेपर्यंत बस."

"पण काल तुम्ही तर..."

"काल चुकलं. बस. ओठाला बर्फ लाव, पायाशी आहे."

तो बसला. खेळ थांबेना. चकती या टोकाहून त्या टोकाला, कोणी बाहेर घालवीना, गोलरक्षक धरीना. पलीकडच्या पेटीत गार्थही उभा होता, त्याचंही दार बंद. लेंपीचा हात काचेवरच होता. आपलं पोर आत कोंडलेलं आणि हेही, आणि दोन्ही दारं बरोबर बंद आहेत, एवढं तिला दिसत होतं.

"दात मोजलेस?" तिनं विचारलं.

"काय?"

"दात."

त्यानं जीभ फिरवली. "एक हलतोय."

"आईला सांग. आधी आईला, मग डॉक्टरला."

तो तिच्याकडे विचित्र नजरेनं पाहत होता, तोच शिट्टी झाली. तिनं कडी उचलली. बरोबर वेळी, बरोबर नियमानं. गार्थ तिकडून निघाला, हा इकडून. सामना संपायला थोडा वेळ असताना या डेरोझिएनंच गोल घातला, साधा, कोपऱ्यातून, आणि आमचं वर्ष संपलं.

दोन्ही संघ रांगेनं एकमेकांशी हात मिळवत गेले. चार पोरं बर्फावरच बसून राहिली. बँडनं कॉलेजचं गाणं वाजवलं, हरल्यावरही वाजवतात. लेंपीनं पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या, दार लावलं.

क्ले तारा गुंडाळत होता. "आज दार चोख होतं हं, लेंपी."

"हो. त्यातूनच गेला तो, गोल घालायला."

"ते काय आपल्या हातात असतं?" त्यानं गुंडाळी खाली ठेवली. "पुढच्या हिवाळ्यात कोणतं दार देऊ?"

"कोणतंही दे. पण घड्याळावर जो बसेल त्याला सांग, दोन्हीकडचे आत असले की हात वर करायचा."

"कसला हात?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. वीस वर्षं हा माणूस त्याच टेबलावर, उर्होच्या शेजारी बसला होता.

"राहू दे," ती म्हणाली. "मी करीन."

गार्थ बोळात भिंतीला टेकून बसला होता, पायांत अजून स्केट. ती जाताना थांबली. बोलावं असं काही वाटत नव्हतं, पण तोंडानं काम केलं.

"आहेत सगळे?"

गार्थनं मान हलवली. "आहेत, मिसेस के."

"मग ऊठ. स्केट काढ, फरशीनं धार जाते."

घरी येऊन तिनं सायमाचा थाळा घासला. कडेला करपलेला बटाटा निघत नव्हता, तो नखानं काढला. मग बाहेरचा दिवा लावून अंगणातून वर पाहिलं. छपरावर पुन्हा बर्फ साठत होता, पण सकाळपर्यंत छप्पर तेवढं पेलणार होतं.