फरशीवरचं झाड

माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. घाई करणाऱ्या माणसांची त्यांना मनापासून चीड. दुकान बंद केल्यावर त्यांनी आमची बाल्कनी ताब्यात घेतली. माझी कपड्यांची दोरी गेली आणि कुंड्या आल्या. मी कुरकुर केली, तर म्हणाले, "सूनबाई, कपडे आतही वाळतात." विषय संपला.

त्यात बोन्सायसाठी आणलेलं फायकसचं, म्हणजे वडाच्या जातीचं, एक बोटभर रोप होतं. त्याचं सरळ खाली जाणारं सोटमूळ त्यांनी कापून टाकलं. उरलेली मुळं फरशीच्या तुकड्यावर चहूबाजूंनी पसरली, चिमट्याने एकेक नीट लावलं आणि वर माती घातली. खाली वाट नसली की मुळं आडवी वाढतात, जाड होतात. मग टीचभर झाडही वर्षानुवर्षं जमीन धरून बसल्यासारखं दिसतं. "तीन वर्षं कुणी माती उकरायची नाही," त्यांनी घरादाराला बजावलं.

वर्षभरात त्यांना काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नव्हती आणि उरलेली किती टिकेल ते डॉक्टरांनाही सांगता येईना.

"बाबा, आत्ताच उघडून बघा ना. नंतर..." नवरा म्हणाला.

"माझे डोळे चालले म्हणून झाडाने घाई करायची होय?" सासरे म्हणाले.

मला मात्र राहवेना. एका दुपारी ते झोपलेले असताना मी चमच्याने माती बाजूला केली. आत काय चाललंय ते त्यांना सांगावं, एवढंच मनात होतं. खिडकीच्या बाजूचं एक मूळ कट्कन तुटलं. त्यातून पांढरा चीक आला. मी माती दाबली, चमचा धुतला आणि तोंडातून ब्र काढला नाही.

तिसरं वर्ष संपलं तेव्हा त्यांना फक्त उजेड कळत होता. कुंडी टेबलावर आली. मी पाण्याने हळूहळू माती धुतली. मुळं खरंच जाडजूड झाली होती.

"कशी आहेत?"

"छान! सगळीकडून सारखी."

त्यांची बोटं खोडाभोवती फिरली आणि खिडकीच्या बाजूला थांबली. "इथे नाहीये."

मी सगळं सांगून टाकलं, चमच्यासकट.

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "तेव्हा माती हाताला सैल लागली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, सांगशील कधीतरी."

दोन वर्षं हा माणूस माझ्या हातचा चहा पीत गप्प बसला होता आणि मी समजत होते की आपलं पचलं. मला रडूच फुटलं.

"पुरे आता. कोपऱ्यातल्या कुंडीतलं फायकसचं लहान रोप आण. खोडाला इथे खाच पाडायची, रोप त्यात बसवून घट्ट बांधायचं. जुळलं की त्याची मुळं ही जागा भरतील." त्यांनी घड्याळदुरुस्तीच्या पेटीतला बारीक चाकू काढला आणि माझ्यापुढे धरला.

"मी करू? अहो, मीच तर मोडलं!"

"म्हणून तर. आता जपशील."

"किती दिवस लागतील?"

"दोन वर्षं. तोवर घरातले चमचे मी लपवून ठेवतो."

त्यांनी चाचपून त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि ते तिथून हलवलं नाही. मी डोळे पुसले आणि त्या बोटाला लागून चाकू टेकवला.