गुरुवारचं पान आणि एक कच्चा घोटा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी रावपुऱ्यातल्या काकूंचे म्हणेन. नात्याने त्या माझ्या कोणी नव्हत्या. खानदेशातल्या गावातून मी शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यायला बडोद्याला आलो, तेव्हा आमच्या घरात कोणी मॅट्रिकही नव्हतं. विद्यार्थ्याला वार लावून जेवू घालायची पद्धत एव्हाना संपत आली होती, पण काकूंनी माझा गुरुवार धरला. बाकी दिवस खाणावळ, गुरुवारी रात्री काकूंकडे पान.

त्यांचा मुलगा कॉलेजच्या फुटबॉल संघात होता. त्याचा उजवा घोटा दर मोसमात मुरगळायचा. काकू गरम तेलाने चोळत, आंबेहळदीचा लेप घालत आणि सूज उतरली की तो परत मैदानात.

एकदा माझी आई मला भेटायला आली. काकूंच्या स्वयंपाकघरात बसून तिने मोठ्या अभिमानाने सांगितलं की मी पायाळू आहे. पायाळू म्हणजे पायांकडून जन्मलेला. कोणाची उसण भरली, कोणाचा पाय लचकला, की आमच्याकडे पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. लहानपणी सकाळी आमच्या ओट्यावर म्हातारे पालथे पडलेले असत आणि मी डोळे चोळत त्यांच्या पाठीवर पाय ठेवत असे. बडोद्यात मी हे कोणाला कळू दिलं नव्हतं. आई बोलत होती आणि मी मान खाली घालून भात चिवडत होतो.

पुढे उपांत्य सामना चार दिवसांवर असताना त्या मुलाचा घोटा पुन्हा गेला. गुरुवारी मी जेवायला बसलो, तर तो समोर पाटावर पाय पसरून बसलेला.

काकू म्हणाल्या, "जेवण झालं की जरा पाय लाव रे याला. रविवारी खेळायचंय."

"आई, जवा दे ने, सोड त्याला," तो हसला. "याच्या पायाला आधीच कॉलेजची धूळ लागलीय."

मी लाजेने तापलो. गाव सोडून, पुस्तकं वाचून, शेवटी मी पुन्हा ओट्यावरचाच पोर. मी म्हणालो, "पायाळूबियाळू काही नसतं, काकू. याचा घोटा कच्चा राहिलाय. पुरता बरा व्हायच्या आत तो पळतो. एका पायावर तोल धरायचा सराव नाही, टाचा उचलायचा व्यायाम नाही. आणि सुजेवर तुम्ही तेल चोळता, त्याने तर वाढतंच. हे असं अडाण्यासारखं करून कसं चालेल?"

शेवटचं वाक्य मला वर्गात कोणी शिकवलं नव्हतं.

मुलगा हसायचा थांबला. काकूंनी माझ्या वाटीत ताक वाढलं आणि म्हणाल्या, "मीठ बघ."

पुढच्या गुरुवारी मी गेलो नाही. खोलीवर उपाशीच पडलो होतो, तर जिन्यावर लंगडती पावलं वाजली. मुलगा आला होता.

"पान मांडलंय. रुसायचं तर जेवून रुस, म्हणते आई."

"सामना?"

"कसला सामना? आईने बूट कोठीघरात टाकले आणि कोठीघराला कुलूप. हरलो आम्ही. आता संघातले मला तुझ्या नावाने शिव्या घालतात. चल, मलाही भूक लागलीय."

सूज पूर्ण गेल्यावर आम्ही सराव सुरू केला. संध्याकाळी काकू देवापुढे स्तोत्र म्हणत, तेवढा वेळ त्याने एका पायावर उभं राहायचं. अर्ध्यात काकू हात वर करत, की पाय बदलायचा. तोल गेला तरी त्या स्तोत्र तसंच पुढे रेटत, फक्त आवाज चढवत. नंतर डोळे मिटून. मग उंबरठ्यावर टाचा वरखाली. संघातले त्याला बगळा म्हणू लागले. पुढच्या मोसमात तो सगळे सामने खेळला. काकूंनी मैदानावरच्या त्याच्या मित्रांनाही दम भरला, "आधी बगळे व्हा, मग फुटबॉल."

तेल त्यांनी बंद केलं. मला पाय लावायलाही पुन्हा कधी सांगितलं नाही.

माझा निकाल लागला त्या आठवड्यात काकूंची कंबर धरली. मी पेढे घेऊन गेलो, तर त्या भिंतीला धरून उठल्या. माझ्या पायांकडे त्यांची नजर गेली आणि लगेच वळली. मला कळलं. पाय लावला असता तर त्यात कोणाचं काय बिघडणार होतं? पण मी पेढ्यांचा पुडाच पुढे केला. पदवी हातात होती आणि मला माझ्याच पायांची लाज वाटत होती. त्यांनी पेढा खाल्ला, माझ्या डोक्यावर हात ठेवला.

नोकरी लागल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं:

"ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

शाळेत माझ्या हाताखाली फुटबॉलची मुलं आहेत. प्रार्थना होईपर्यंत ती एका पायावर उभी असतात. ही रीत तुमच्या देवघरातली, असं मी त्यांना सांगतो.

त्या रात्री मी तुम्हाला अडाणी म्हणालो आणि तुम्ही मला ताक वाढलंत. ते अजून घशाखाली उतरलेलं नाही.

दिवाळीत गुरुवार धरून येतो आहे. कंबर अजून दुखत असेल तर चटई घालून ठेवा. मी पाय लावीन. गुण येईल असं मी म्हणणार नाही, पण तुम्ही मागितलं होतं आणि मी दिलं नाही, एवढं तरी फिटू दे.

आपला,
गुरुवारचा"