टायरवरचा तळहात

गाडी डावीकडं ओढायला लागली की मी पुढच्या टायरवरनं तळहात फिरवायचो. एकीकडं गुळगुळीत आणि उलटं फिरवताना खरखरीत लागलं, म्हणजे चाकाची अलाइनमेंट गेली. उभा जन्म गॅरेजात मी असंच ओळखलं.

परवा नातवंडांना घेऊन पन्हाळ्याला निघालेला पोरगा म्हणाला, "आबा, स्टेअरिंग ओढतंय. बघा की जरा."

हात फिरवला, तर काहीच लागेना. शुगरनं बोटं बधिर झाल्यात, हे घरात कुणाला सांगितलेलं न्हाय.

"अलाइनमेंटच्या मशीनवर दाखव," मी म्हणालो.

"मशीनला काय कळतंय, असं तुम्हीच म्हणता की," तो हसला. "घाटात जाऊ का नको, तेवढं सांगा."

परत हात फिरवला. परत काहीच न्हाय.

"जाऊ नको," म्हणालो.

का, ते तो विचारत राहिला आणि मी टायरवरचा हात काढला न्हाय.