तिसरे मुतगेकर

मधुकर मुतगेकर बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत तीस वर्षं प्रयोगशाळेची काचेची उपकरणं बनवत होते. त्याच संस्थेत एक नामवंत शास्त्रज्ञ डॉ. मुतगेकर होते आणि बेळगावकडे मुतगेकर महाराजांचा मठ होता. "तुम्ही त्यांच्यातले कोण?" असं लोक हटकून विचारायचे. नातं दोघांशीही नव्हतं.

बायको, प्रेमा, गेली त्या सकाळी राजाजीनगरच्या त्यांच्या घरापुढे संस्थेच्या तीन गाड्या थांबल्या. निरोपात घोळ झाला होता. भलामोठा हार घेऊन आत आलेले साहेब मधुकररावांना पाहून चपापले.

"म्हणजे डॉक्टरसाहेबांच्या मिसेस नाहीत?" एकानं हळूच विचारलं. हार ठेवून, हात जोडून पाच मिनिटांत सगळे गेले.

शेजारच्या कस्तुराबाई जवळ आल्या. "अण्णा, महाराजांच्या घराण्यातले तुम्ही. तुम्हाला जन्ममरणाचं कसलं दुःख? स्वल्प धीर धरा."

मधुकरराव सकाळपासून कोरड्या डोळ्यांनी बसले होते.

"अक्का, मी कुणाच्याच घराण्यातला नाही हो," ते म्हणाले. "माझी बायको गेली." आणि त्यांना हुंदका आवरेना.

कस्तुराबाई ओशाळल्या. त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या त्या प्रेमाला नेईपर्यंत उठल्या नाहीत.