सहाला रुसणारी गाडी

मनीषनगरातल्या त्या गल्लीत नत्थूजी मिस्त्रींनी मिशीला कलप लावल्याची बातमी आधी पसरली आणि बारापात्रेबाईंची गाडी सुरू होत नसल्याची नंतर. दोन्ही बातम्या बाईंच्या शेजारणीच्या, कांताबाईंच्या भिंतीवरून आल्या होत्या. भिंत तशी दोन्ही घरांच्या सामाईकीतली, पण तिच्यावर कोपरं टेकायचा हक्क एकट्या कांताबाईंचा.

"खरंच बिघडून राहिली का वं पुष्पा गाडी," त्यांनी भिंतीवरून विचारलं, "का मिस्त्रीले चहा पाजासाठी बिघडवून राहिली?"

नत्थूजी तेव्हा बोनेटखाली वाकलेले होते. त्यांना सगळं ऐकू गेलं. अडुसष्टाव्या वर्षी माणसाचे कान लाल होतात की नाही, ते बोनेटखाली कुणाला दिसत नाही एवढंच बरं.

पंचेचाळीस वर्षं या माणसानं जुन्या गाड्यांची नाडी पाहिली. पान्याला हात लावायच्या आधी मालकाला बोलतं करायचं, ही त्यांची रीत. थंडी असताना अडते का गरम झाल्यावर? काल कोण बसलं होतं? घरात कोणी नवीन आलं का? हा शेवटचा प्रश्न ऐकून लोक हसत. पण रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांची गाडी फक्त सासुरवाडीच्या रस्त्यावर बंद पडते हे नत्थूजींनी असंच हुडकून काढलं होतं. डॉक्टरीणबाईंसमोर "टाकीत कचरा आहे" असं सांगून त्यांनी गाडी आणि संसार दोन्ही चालते ठेवले. खरा कचरा कुठं होता ते फक्त त्यांना आणि डॉक्टरांना ठाऊक. आणि अर्थात गल्लीला.

खोड एकच. सकाळी साडेसात ते साडेनऊ नत्थूजी पोह्याच्या ठेल्यावर. तर्री दुसऱ्यांदा ओतून घेतल्याशिवाय आणि चार जणांची उणीदुणी काढल्याशिवाय ते उठत नसत. राष्ट्रपतींची गाडी अडली असती तरी मिस्त्री दहालाच आले असते.

बारापात्रेबाईंची गाडी मात्र अडायची ती सहाला.

पुष्पलताबाई बासष्टीच्या. बारापात्रे साहेब रिटायर झाल्यावर त्यांनी बायकोला मागच्या मोकळ्या प्लॉटांच्या ले-आउटात गाडी शिकवली होती. तेव्हा कांताबाई म्हणाल्या होत्या, "या वयात नवरा-बायको गोल गोल फिरून राहिले बाप्पा!" गेल्या डिसेंबरात साहेब गेले. गाडी राहिली, आणि बाईंचा गुरुवार राहिला. पारशिवनीला त्यांची थोरली बहीण गोपिका असते. लकवा मारून एक बाजू गेलेली, घरात सून आहे, पण डोक्यावरून न्हाऊ घालून घेते ती फक्त धाकटीकडून. दुसऱ्या कोणाच्या हातून नाही. म्हणून दर गुरुवारी ऊन चढायच्या आत, सहाला, बाई निघत. आठपर्यंत पोहोचायचं, गोपिकाचे केस धुवायचे, विंचरायचे, तिच्या शिव्या खायच्या आणि उन्हं उतरली की परतायचं.

मार्च संपला आणि गाडी रुसायला लागली. एका गुरुवारी अर्धा तास, पुढच्या गुरुवारी तास, आणि मे महिन्यात लागोपाठ तीन गुरुवार हललीच नाही. पुण्याहून मुलाचा, ऋषिकेशचा फोन आला. "आई, बस झालं आता. मी बुधवारी येतो. गुरुवारी दहाला भंगारवाल्याला बोलावलंय. तू चल माझ्याकडे. मावशीला आपण व्हिडिओ कॉल करू की रोज."

"व्हिडिओ कॉलवर केस धुता येते का रे?" बाईंनी विचारलं होतं.

तर अशी ही गोष्ट होती. गाडी चालली नाही तर बाईंचा गुरुवार जाणार होता, आणि गुरुवार गेला की नागपूरही.

नत्थूजींनी काही कमी केलं नाही. प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्ब्युरेटर उघडून धुतला, बॅटरीची टोकं खरवडली. पण गंमत अशी, की ते दहाला येत, किल्ली फिरवत आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू. तीन वेळा आले, तीनही वेळा हेच. निरोगी माणूस डॉक्टरकडे नेल्यासारखी गाडी गुरगुरत उभी. भिंतीवर कांताबाईंचं हसू.

शेवटी रविवारी नत्थूजींचा तोल गेला. "वहिनी, गाडीत काही नाही. तुम्ही चोक ओढता, वरून ॲक्सिलेटर दाबता. पेट्रोल जास्त होते न् प्लग ओले होते. हाताचा दोष आहे."

पुष्पलताबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे मले चालवता येत नाही, असंच ना?"

"तसं नाही जी…"

"साहेबांनी शिकवलं ते चुकीचं शिकवलं, असंच ना? दोन वर्षं याच हातानं जाऊन राहिली मी पारशिवनीले. नत्थूजी, तुम्ही दहाले येता. या उन्हात दहाले तं मुर्दाबी उठून बसंल! एकदा सहाले या ना. नाही जमत तं सांगा, मी गुरुवारी भंगारवाल्याच्या हाती किल्ली देते."

नत्थूजींनी हत्यारं पिशवीत भरली. घरी जाऊन जेवलेही नाहीत नीट. पंचेचाळीस वर्षं आजाऱ्याला त्याच्या वेळेवर पाहायचं सोडून आपण आपल्या वेळेवर पाहत आलो, आणि वर त्या बाईच्या हातावर ढकललं. हे त्यांना पोह्यांच्या तर्रीपेक्षा जास्त झोंबलं.

मंगळवारी, ठेला उघडायच्याही आधी, साडेपाचला ते बारापात्र्यांच्या फाटकात उभे होते. कांताबाईसुद्धा अजून भिंतीवर आल्या नव्हत्या, यावरून वेळेचा अंदाज यावा.

"मारा सेल्फ," ते म्हणाले.

खर्रर्र. खर्रर्र. खर्रर्र. इंजिन फिरतं, पेट घेत नाही. बाईंनी काचेतून त्यांच्याकडे पाहिलं.

नत्थूजींनी प्लगची वायर काढून इंजिनाजवळ धरली आणि पुन्हा सेल्फ मारायला सांगितला. ठिणगी नाही. म्हणजे पेट्रोल आहे, करंट नाही. मग त्यांनी ती काळी टोपी उघडली, जिच्यातून चारी प्लगांना करंट वाटला जातो. आतून टोपी दवानं भिजल्यासारखी ओली. एका बाजूला केसाएवढी चीर. त्यांनी गळ्यातला दुपट्टा काढून ती पुसली, फुंकली, बसवली.

"मारा."

गाडी सुरू झाली. बाई खाली उतरल्या ते थेट टाळी वाजवतच.

"थांबा," नत्थूजी म्हणाले. "मे महिन्यात पाणी आलं कुठून?"

बोनेटवर हात ठेवला तर बोनेट ओलं. त्यांची नजर वर गेली आणि थांबली. पोर्च गाडीएवढंच. बाई गाडी नाकासमोर आत घालतात, आणि गाडीच्या नाकाला नाक लावून समोरच्या खोलीच्या खिडकीत कूलर. कूलरच्या जाळीत भरलेल्या गवतातून पाणी झिरपत होतं, बारीक तुषार उडत होते. रात्रभर ते बोनेटच्या फटीतून आत. दहापर्यंत नागपूरचं ऊन सगळं चाटूनपुसून साफ करत होतं. पुराव्यासकट.

"वहिनी, हा कूलर इथं कधीपासून आहे जी?"

"यंदा लावला."

"न् पहिले?"

"पहिले मांगच्या खोलीत होता." बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "साहेब गेल्यापासून मी समोर झोपते. त्या खोलीत…"

आता नत्थूजींच्या जागी दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, कूलर मागं न्या, झालं. उपाय साधा होता आणि त्यांच्या ओठांपर्यंत आलाही होता. पण त्यांच्याही घरात एक पलंग होता, ज्याच्या डाव्या बाजूला ते नऊ वर्षं झोपले नव्हते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"कूलर राहू द्या तिथंच," ते म्हणाले. "टोपी नवीन मागवतो, चार दिवस लागतील. तवर गाडी उलटी लावा. तोंड फाटकाकडं."

"उलटी?" बाई घाबरल्या. "साहेबांनी बाहेर मागं घ्यायले शिकवलं होतं. आत मागं घ्यायचं राहून गेलं."

"मंग ते मी शिकवतो. न् वहिनी… तुमच्या हातात काही दोष नव्हता. मीच उशिरा येत होतो."

बुधवारी सबंध गल्लीची करमणूक झाली. फाटकाचे दोन खांब, मधे बाईंची गाडी, मागे नत्थूजी हात हलवत, आणि भिंतीवर कांताबाई.

"डावीकडं वं! डावीकडं! तुझी डावी, माझी नाही!"

"तुम्ही चूप बसा जी," नत्थूजी ओरडले, "दोन मिस्त्र्यांनी गाडी खड्ड्यात जाते."

जास्वंदाच्या दोन कुंड्या फुटल्या. एक खांब थोडा सोलला. दुपारी चारला गाडी मागच्या अंगानं पोर्चमध्ये शिरली आणि बाई स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत राहिल्या. डिसेंबरनंतर कांताबाईंनी हे हसू पहिल्यांदा ऐकलं. म्हणून असेल, त्या दिवशी त्यांनी त्याच्यावर काहीच टोमणा मारला नाही; घरून आंब्याचं पन्हं आणून दिलं, तेही दोन ग्लास.

रात्री ऋषिकेश आला. आईनं त्याला जेवू घातलं, गाडीबद्दल चकार शब्द काढला नाही.

गुरुवारी सहाला तो तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला, कारण गाडीचा आवाज आला होता. पहिल्याच सेल्फला. आई आत बसलेली, शेजारच्या सीटवर शिकेकाईचा डबा आणि लाकडी कंगवा. नत्थूजी फाटक धरून उभे.

"आई! भंगारवाला येणार आहे दहाला!"

"मंग त्याले चहा दे," बाई म्हणाल्या. "मोठ्या डब्यात साखर आहे." आणि गाडी गेली.

ऋषिकेशनं फेस थुंकला. "काका, काय झालं होतं गाडीला?"

"टोपीत ओल होती."

"एवढंच?"

"एवढंच." नत्थूजींनी फाटक लावलं. "आईनं तुझ्या उलटी गाडी लावली काल. तू लावून पाहा, मग समजंल."

ऋषिकेश पोर्चमध्ये आला. उघड्या दारातून त्याला समोरच्या खोलीतली ती एकाच माणसाची गादी दिसली, उशाशी बाबांचं घड्याळ. कूलर अजून चालू होता. तो आत जाऊन फोन शोधू लागला.

भंगारवाल्यानं फोन उचललाच नसावा, कारण दहाला तो टेम्पो घेऊन हजर. पोर्च रिकामं पाहून त्यानं डोकं खाजवलं.

"गाडी कुठंय?"

"पारशिवनीले गेली," कांताबाई भिंतीवरून म्हणाल्या. "बहिणीचे केस धुवायले. संध्याकाळी येईल. पण तुम्ही नका येऊ."