आईच्या पत्राचं खोटं इंग्रजी

अन्याय माझ्या आईवर झाला. अमेरिकेतल्या माझ्या पहिल्याच सेमिस्टरमध्ये, नोव्हेंबरातल्या एका रविवारी, दुपारी तीनच्या सुमारास. करणारा मी.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शारजातल्या रोल्लाहून मी तिकडे शिकायला गेलो आणि एका फ्रॅटर्निटीत शिरायचं ठरवलं. म्हणजे एका घरात राहणाऱ्या, एकमेकांना भाऊ म्हणवणाऱ्या कॉलेजच्या मुलांचं मंडळ. दारावर ग्रीक अक्षरं. मला माणसं हवी होती. यात लाजण्यासारखं काही नाही. लाजण्यासारखं पुढे आहे.

त्यांचा रिवाज असा, की आत घेण्याआधी प्रत्येकाच्या घरून पत्र मागवायचं आणि सगळ्यांसमोर वाचायचं. आमच्याकडे टपाल घरी येत नाही, बाबांच्या कंपनीच्या पोस्टबॉक्सला येतं. त्यामुळे मंडळाचं पत्र आधी अख्ख्या ऑफिसनं वाचलं आणि मुलगा कुठल्याशा पंथाला लागला, असं ठरवून टाकलं. आईनं मात्र बसून चार पानं लिहिली. मराठीत.

ती पानं माझ्या हातात देऊन मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, तूच सांग काय लिहिलंय. चाळीस मुलं बघत होती. आधीच्या मुलाच्या वडिलांनी लिहिलं होतं, तुझा अभिमान वाटतो. माझी पहिली ओळ होती, ‘रोज अंघोळ करतोस ना?’ मी पानांवर नजर ठेवून इंग्रजीत रचून सांगितलं: बेटा, आम्हाला तुझा अभिमान वाटतो, वगैरे. टाळ्या पडल्या. मिठ्या. मी भाऊ झालो.

डिसेंबरात घरी आलो. शुक्रवार, सुट्टीचा दिवस. आई पोळ्या लाटत होती.

“वाचलं का रे सगळ्यांपुढे?”

“हो.”

“हसली का पोरं?”

“टाळ्या वाजवल्या.”

लाटणं थांबलं. “टाळ्या कशाला? मी विनोद केला होता त्यात.”

“मॉम, ही डिडन्ट रीड इट,” सोफ्यावरून धाकटी बहीण.

“तू गप गं.”

“जस्ट लुक ॲट हिज फेस!”

मग मी सगळं सांगितलं. बाबांनी पेपर खाली केला. “आणि मी ऑफिसात सांगत सुटलोय, आमच्या हिनं चाळीस अमेरिकनांना मराठी ऐकवली म्हणून! खलास.”

आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. “इंग्रजीत काय म्हणाले मी?”

“अभिमान वाटतो म्हणून.”

“एवढंच? ते कुणीही लिहील.” तिनं पिठाचे हात झटकले. “आण ते पत्र. वाच.”

बॅगेतून पानं काढून आणली आणि ओट्यापाशी उभं राहून मी वाचलं, अंघोळीपासून. ‘बाबा हल्ली दुपारी तुझ्या खोलीत झोपतात. तिथला एसी चांगला आहे म्हणतात. तो एसी ऑगस्टपासून बंद आहे.’ बाबांनी पेपर पुन्हा वर केला. ‘चाळीस भाऊ म्हणजे भाऊबीजेला तुझ्या बहिणीनं ओवाळायचं कुणाकुणाला? ती म्हणते, बफे ठेवा.’ बहीण खिदळली. आई मान वर करून बघत होती, मी हसतो की नाही ते. मला हसू येत होतं आणि अक्षरं दिसत नव्हती. शेवटची ओळ होती, ‘आजारी पडलास तर गरम पाणी आणून देणारा त्यांच्यात एक तरी आहे ना, तेवढं बघून घे.’

जानेवारीत परत गेलो. चाळीस जणांना बसवलं, आधी मराठीत वाचलं, मग खरं इंग्रजी सांगितलं. बफेला हसले. एसीची ओळ अध्यक्षानं पुन्हा वाचायला लावली.

म्हणून तुम्हाला सांगतो, घरच्यांचं बोलणं परक्यांपुढे धुऊनपुसून मांडू नका. आणि एकदा मांडून बसला असाल, तर आज फोन उचला आणि ते त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगा.